गोळा कोणाकडे आहे?

आमचे घरमालक जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाकडे गाडीकडे पाहावं तसे पाहत. चेहऱ्याकडे नाही. आधी पाय, मग पाठ, मग हातातली पिशवी. माणूस फाटकाबाहेर पडून वळणाआड जाईपर्यंत ते व्हरांड्यात ताठ उभे. एकदा मी दूध आणायला निघालो तर मागून आवाज आला, "भाई साहब, बायीं चप्पल घिस रही है. आप उधर को झुक रहे हैं."

मी म्हटलं, झुकेन नाहीतर पडेन, तुम्हाला काय करायचं? पण घरी येऊन पाहिलं तर डावी चप्पल खरंच कडेनं झिजून अर्धी झाली होती.

ते स्टेशन मास्तर होते. एकेरी लाइनवरच्या लहानशा स्टेशनात त्यांची सारी नोकरी गेली. न थांबणारी गाडी स्टेशनातून जाते तेव्हा मास्तरला प्लॅटफॉर्मवर उभं राहून पाहावं लागतं, कुठं काही लोंबत तर नाही, चाकापाशी धूर तर निघत नाही. ती सवय रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी गेली नव्हती. लखनौतलं आमचं सगळं तेलीबाग त्यांना मास्टर साहब म्हणायचं. मीही तेच म्हणतो.

मी भंडाऱ्याकडचा. शिक्षण सातवी. मानक नगरला रेल्वेचं संशोधनाचं ऑफिस आहे, तिथं खलाशी म्हणून, म्हणजे ओझी उचलायला, लागलो आणि खलाशी म्हणूनच सुटलो. साहेब लोक रूळ तपासत, मी रूळ उचलत होतो. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा मी आणि माझी बायको तेलीबागेत मास्टर साहबांच्या घरात खालच्या मजल्यावर राहायला आलो. आमची एकुलती एक मुलगी सुजाता तेव्हा नर्स होऊन आयर्लंडला गेलेली होती. बायको जाऊन आता दीड वर्ष झालं. लिहायला बसलोय मास्टर साहबांवर, पण ती मध्ये येणार. तिला बाजूला ठेवून मला त्या घरातलं काहीच सांगता येत नाही.

घर तीन मजल्यांचं. खाली आम्ही, मधल्या मजल्यावर मास्टर साहब एकटे, सगळ्यात वर एक शाळेतल्या टीचर, त्याही एकट्याच. एका खोलीला एक पंखा, एक दिवा, एक प्लग. बस. तारा जुन्या, बारीक, भिंतीच्या पोटातून नेलेल्या. आम्ही यायच्या आधी एका हिवाळ्यात खालच्यांनी आणि वरच्यांनी एकाच वेळी बादलीत पाणी तापवायचे रॉड टाकले, तर जिन्यातली भिंत आतून जळाली. चुन्यावर हातभर तपकिरी पट्टा उमटला. त्या पट्ट्यावर मास्टर साहबांनी कधी चुना मारू दिला नाही. नवीन भाडेकरू आला की त्याला पाण्याची टाकी दाखवायच्या आधी हा पट्टा दाखवायचे.

दुसरा कोणी मालक असता तर भिंत फोडून नव्या तारा टाकल्या असत्या. यांनी गोळा आणला.

गोळ्याचं असं आहे. एकेरी लाइनवर दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असायला पाहिजे. म्हणून ड्रायव्हरच्या हातात लोखंडाचा गोळा देतात. गोळा हातात आहे तर पुढं जा, नाही तर उभा राहा. तो गोळा पुढच्या स्टेशनात जमा झाल्याशिवाय दुसरी गाडी सुटत नाही. मास्टर साहबांनी लोहाराकडून तसाच एक गोळा करून घेतला, चामड्याच्या पिशवीत घातला आणि जिन्यातल्या खिळ्याला लटकवला. इस्त्री, रॉड, मोटर, मिक्सर, जे काही भारी असेल ते लावायच्या आधी गोळा घरात न्यायचा. काम झालं की परत खिळ्याला. खिळा रिकामा असेल तर बसून राहायचं, न वाटलेल्या डाळीकडे पाहत.

नुसता गोळा नेऊन भागायचं नाही. वरून ते ओरडत, "गोला किसके पास?"

"हमारे पास," माझी बायको खालून.

"नंबर?"

स्टेशनात दोन मास्तर फोनवर एकमेकांना गुप्त आकडा देतात, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की मी बोललोच नव्हतो. तसा आकडा इथं मिक्सरवर चटणी वाटायलाही द्यावा लागे. टीचर मनाला येईल तो आकडा द्यायच्या. माझी बायको रोज एकच द्यायची, सत्तावीस. एके दिवशी तिनं अठ्ठावीस सांगितला. मग मास्टर साहब जिन्यात आले आणि म्हणाले, "भाभीजी, बिटिया का जनमदिन मुबारक हो." तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं की तो सुजाताच्या वयाचा आकडा आहे. मलाही नाही.

बायकोच्या डोळ्यांचं पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं, आणि मी त्यांच्याशी भांडलो. मला व्हरांड्यात बोलावून हळूच म्हणाले, "भाई साहब, भाभीजी सीढ़ी टटोल के उतर रही हैं. तीन दिन से." मी म्हटलं, तुम्ही माझ्या बायकोचे पाय पाहत बसता का? रात्री मी तिला विचारलं तर म्हणाली, "अंधुक दिसते जराशी. तुमाले सांगून काय फायदा, तुमी बोंबलता." साखरेचा आजार तिला होताच. डॉक्टरनं पाहिलं, डोळ्यातला पडदा खराब झालाय म्हणाला. डोळ्यात सुई टोचतो, सुईनंतर आठ-दहा दिवस थोडा उजेड राहील, मग पुन्हा खाली जाईल. मी विचारलं, किती दिवस चालेल असं? तो म्हणाला, "जे पाहायचं ते या उन्हाळ्यात पाहून घ्या."

त्याच उन्हाळ्यात सुजाताला मुलगी झाली.

आता अडचण समजून घ्या. फोनच्या एवढ्याशा काचेत तिला काही दिसत नव्हतं. सुजातानं फोटो पाठवले, मी ते तिच्या डोळ्यांपुढं धरले. ती म्हणाली, "मले तं नुसतं गुलाबी दिसते. डोये कुठी हायेत?" टीव्ही मात्र वितभर अंतरावर बसून पाहिला की तिला मोठे चेहरे ओळखू यायचे. सुजाता म्हणाली, बाबा, घर में इंटरनेट लगवा लो, मैं टीवी पर ही आ जाऊंगी, आई बड़ा-बड़ा देख लेगी. पोरगी लखनौची, मराठी समजते, बोलते हिंदी. मुंबईला विमानाचं तिकीट काढल्यासारखं सहज बोलली. तिला काय माहीत इथं खिळा ठोकायलाही अर्ज लागतो.

इंटरनेटवाला आला तो इरफान भाई, पन्नाशीचा, पोट पुढं आलेला, बोलका माणूस. खांबावरून तार आणली, ड्रिल काढलं, खिडकीच्या बाजूला निशाण केलं. ड्रिलचा पहिला आवाज झाला आणि मास्टर साहब वरून जवळजवळ धावत आले. भिंतीला पाठ लावून हात पसरून उभे राहिले.

"पहले मुझमें कीजिए," म्हणाले.

इरफान भाईला हसू आलं. "अरे साहब, सुई बराबर सुराख है."

"अंदर से लाइन जा रही है. मैं सामने खड़ा था जब डली थी. ड्रिल उसपे गई तो तीनों मंजिल गईं."

"तो बताइए कहां से जा रही है, हम बगल में कर देंगे."

"बगल में पानी का पाइप है."

मग त्यांनी आपला कायदा सांगितला. एका घराला एक भोक. आमच्या घराचं ते एक भोक डिश टीव्हीच्या तारेनं भरलेलं होतं, वरून पांढऱ्या सिमेंटनं बुजवलेलं. दुसरं मिळणार नाही. इरफान भाई म्हणाला, "ये तार है मास्टर साहब, मालगाड़ी नहीं है." त्यावर ते म्हणाले, "तार न होता तो मालगाड़ी आपके घर में घुस जाती."

मी तापलो. म्हटलं, साहेब, तुमची भिंत जपा, माझ्या बायकोचे डोळे चाललेत. माझं तोंडच तसं आहे, आडपडदा नाही. ते खाली मान घालून उभे राहिले, पण भिंतीपासून हलले नाहीत.

हा सगळा वेळ बायको पलंगावर बसून ऐकत होती. तिथूनच म्हणाली, "डिशचा वायर काढा अन् त्याच भोकातून हा घाला. भांडता काहून?"

डिशवर तिचं मराठी चॅनल होतं. लखनौत तीस-पस्तीस वर्षं राहून, शेजारी हिंदी, बाजारात हिंदी, पोरगी हिंदी. दुपारी दोन तास मराठी कानावर पडायचं ते तेवढंच. मी म्हटलं, तुझ्या मालिका जातील. ती म्हणाली, "जाऊ द्या. सासवा-सुनाच तं हायेत."

मास्टर साहब लगेच म्हणाले, "एक निकलेगी, तो एक जाएगी. ये ठीक है." डिशची तार ओढून काढली तेव्हा घड्याळ पाहत उभे होते. नवी तार आत आली तेव्हा पुन्हा घड्याळ पाहिलं. इरफान भाई मला म्हणाला, "ये आदमी शादी में भी गया होगा तो दूल्हे का टाइम लिखा होगा."

तार आली पण काम झालं नाही. खोलीत प्लग एकच. टीव्हीला एक लागणार, इंटरनेटच्या डब्याला एक, टीव्हीजवळच्या दुसऱ्या डब्याला एक. इरफान भाईनं पिशवीतून वायरचा बोर्ड काढला, तर मास्टर साहबांनी तो असा उचलला जसा कोणी मेलेला उंदीर उचलतो. तीन गाड्या एका लाइनवर, म्हणाले. वर त्याच लाइनवर त्यांचा पंखा, फ्रिज, कूलर आणि टीचरची इस्त्री. पुष्कळ विचार केला. खिशातून कागद काढून काहीतरी जोडलं. शेवटी मंजुरी दिली, पण तिन्ही मिळून भारी धरायचं. म्हणजे गोळा घरात असेल तरच लावायचं.

मी कबूल केलं. आता वाटतं, तिथंच नाही म्हणायला हवं होतं.

बायकोला सोमवारी सुई दिली. बुधवारपासून तिला बरं दिसायला लागलं. कॅलेंडरवरचे मोठे आकडे वाचून दाखवले, बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती स्वतः लावली. मी मनात दिवस मोजत होतो. रविवारी अकरा वाजता सुजाता टीव्हीवर येणार असं ठरलं. आमचे अकरा म्हणजे तिकडचे सकाळचे साडेसहा. सात वाजता जावई ड्यूटीवर निघतो आणि सुजाताला टाके पडलेले, एका हातानं पोर आणि दुसऱ्या हातानं फोन तिला धरता येत नाही. म्हणजे आमच्याकडे अर्धा तास होता. पुढचा रविवार म्हणजे सुईचा तेरावा दिवस. तेव्हा उजेड असेल की नाही, डॉक्टरही सांगत नव्हता.

रविवारी बायको सकाळीच तयार झाली. निळी साडी नेसली, केसांना तेल लावलं. म्हटलं, तू तिला पाहणार आहेस, ती तुला नाही, पंधरा दिवसांची पोर आहे. म्हणाली, "तुमी गप बसा." टीव्हीपुढं स्टूल ओढून वितभर अंतरावर जाऊन बसली. टीव्ही बंदच होता, तरी बसली.

इरफान भाईची सुट्टी होती, तरी आला. सगळं जोडून तयार केलं. पावणेअकराला मी गोळा आणायला जिन्यात गेलो.

खिळा रिकामा.

वर गेलो तर टीचरच्या दाराला कुलूप. सकाळी इस्त्रीसाठी गोळा नेला होता आणि परत लावायचा विसरून, पर्समध्ये घालून, बाई आलमबागला निघून गेल्या होत्या. फोन लावला, वाजत राहिला. बाजारातल्या गोंगाटात कोण ऐकतो.

मास्टर साहब जिन्यात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.

"वर काहीच चालू नाही," मी म्हटलं. "घर बंद आहे. लावू द्या."

"आपने अंदर देखा?"

"कुलूप आहे, कसं पाहणार?"

"इस्त्री लगी छोड़ गई हों तो?"

आता ऐका, मी काय केलं ते. मी परत खाली आलो आणि बटणापुढं उभा राहिलो. हात वर केला नाही. चौतीस वर्षं रेल्वेत काढली, लाल झेंडी दिसली की पाय आपोआप थांबतात, तसं झालं. त्या जळालेल्या पट्ट्याची भीतीही होती, खोटं कशाला बोलू. दारात मास्टर साहब, बटणाशी मी, पलंगावर इरफान भाई घाम पुसतोय. अकरा वाजले. माझा फोन थरथरला, सुजाता. मी म्हटलं, थांब, गोळा नाही. ती म्हणाली, क्या नहीं है? आमच्या मागच्या खोलीत फोनचा सिग्नल तसाही येत-जात असायचा, तिचं पुढचं बोलणं तुटलं.

अकरा वाजून पाच. अकरा वाजून आठ. मास्टर साहब पुन्हा पुन्हा टीचरचा नंबर लावत होते. त्या माणसाला नको होतं असं नाही. जमत नव्हतं. मलाही जमत नव्हतं.

बायको स्टुलावरून उठली. भिंतीला हात लावत लावत माझ्यापर्यंत आली.

"सरका."

"गोळा नाही ना आपल्याकडे."

"गोयाले पाहू का नातीले पाहू?"

मला बाजूला ढकललं, बोटांनी बटण चाचपलं आणि खट्कन दाबलं. अकरा वाजून अकरा मिनिटं झाली होती. ती अकरा मिनिटं अजून माझ्या डोक्यावर बसलेली आहेत.

मास्टर साहब दारातच उभे. "भाभीजी ने सिगनल तोड़ दिया," हळूच म्हणाले, रागानं नाही, घाबरून. आणि दुसऱ्याच क्षणी ते जिना चढत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन-दोन पायऱ्या. वरून आवाज आला, "हमारी मंजिल बंद! फ्यूज निकाल दिया!" जून महिना, लखनौची लू, आणि त्यांनी स्वतःचा पंखा, फ्रिज, कूलर सगळं मारून टाकलं, आमच्यासाठी लाइन हलकी व्हावी म्हणून. मग जिन्यात येऊन त्या तपकिरी पट्ट्यावर पंजा ठेवून उभे राहिले. मिनिटामिनिटाला ओरडत, "ठंडी है! चलने दीजिए!"

टीव्हीवर डब्याची चित्रं आली, गोल फिरत राहिलं, गेलं, पुन्हा आलं. इरफान भाई माझा फोन टीव्हीला जोडत होता आणि तोंडानं अल्लाचं नाव घेत होता. अकरा वाजून एकोणीसला सुजाता दिसली. अख्ख्या टीव्हीभर तिचा चेहरा, सुजलेला, दमलेला. बायको ओरडली, "सुजे, बारीक झाली वं!" सुजाता काहीतरी बोलली, आवाज तुटक येत होता. "आई, देख... देखो..." जावयानं फोन फिरवला.

पोरगी दिसली. गुंडाळलेली, टोपीत, अर्धी पडद्याबाहेर. मान इकडे, मग तिकडे, मग हात आला तोंडावर. बायको पुढं झुकली, नाक काचेला लागेल इतकी. "कुठी हाय? आत्ता होती. कुठी गेली?" तिचे डोळे हलत्या गोष्टीच्या मागं धावू शकत नव्हते. पोर हलायची, बायकोचं डोकं तिकडं वळायचं, तोवर पोर दुसरीकडे. मी शेजारी उभा, मुठी आवळून. एवढं करूनही दिसणार नाही की काय.

"गरम हो रही है थोड़ी!" जिन्यातून आवाज.

आणि चित्र थांबलं. आवाजही गेला. पोरीचा चेहरा बरोबर मधोमध, डोळे मिटलेले, ओठ जरा उघडे. फोनवर पाहिलं तर कॉल तुटला होता. इरफान भाईनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, डबा अटकलाय, बंद करून चालू करतो, पण तोपर्यंत दामाद निकल जाएंगे. आणि हात प्लगकडे नेला.

बायको काचेला चिकटून होती. मग तिचा आवाज बदलला.

"अवो, पोरगी हालत काहून नाई?"

आम्हाला सुजाताच्या आधी एक मुलगा झाला होता. नवव्या दिवशी तो असाच हलायचा थांबला. ती काय विचारते आहे ते मला कळलं. जो माणूस आयुष्यभर तोंडाला येईल ते बोलला, त्याला त्या वेळी एक शब्द फुटला नाही. इरफान भाई माझ्याकडे पाहतोय, मी टीव्हीकडे.

"सांगा ना! हालत काहून नाई ते?"

मास्टर साहब दारात आले होते. हातावर भिंतीचा चुना, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, डब्यावरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. हा तो माणूस जो 'अभी आया' असं कधी म्हणाला नाही. 'चार मिनट में आया' म्हणे आणि चौथ्या मिनिटाला येई. कोणी 'सब ठीक?' विचारलं तर म्हणे, 'घुटना छोड़ के.'

ते खोलीत आले. इरफान भाईचा हात प्लगवरून हळूच बाजूला केला. आणि म्हणाले, "सो गई है, भाभीजी. गहरी नींद है. देखिए, सांस ले रही है."

बायकोनं पाहिलं. शपथेवर सांगतो, तिनं श्वास पाहिला. तिचे खांदे खाली आले. "हो, घेते हाय," म्हणाली.

मग तिनं नातीला पाहिलं. पाहिलं म्हणजे सावकाश, कोपऱ्यापासून. बोट काचेवर फिरवत होती आणि सांगत होती. कपाळ सुजाचं हाय. नाक बापाचं घेतलं, चपटं. डावी भुवई मधे तुटलेली, माझ्या मायची होती तशी. खालच्या ओठाखाली खळगा. मी तिथं उभा होतो, माझे डोळे धडधाकट, आणि मला त्यातलं काहीही दिसलं नव्हतं, ती सांगेपर्यंत. मास्टर साहब तिच्या मागं उभे. प्रत्येक गोष्टीला म्हणत, "जी. बिल्कुल. सही कह रही हैं."

शेवटी तीच म्हणाली, "बंद करा आता. निजू द्या तिले. आपल्या बोलण्यानं उठन."

संध्याकाळी मास्टर साहब खाली आले. बसले नाहीत. म्हणाले, "भाई साहब, आज मैंने गलत बयान दिया. नौकरी में कभी नहीं दिया. लिख के दे दूं?"

मी म्हटलं, "कोणाला देता? वर तर टीचर राहते."

ते हसले नाहीत. म्हणाले, "उन्नीस मिनट देखा उन्होंने." आणि गेले. टीचर दीड वाजता परत आल्या होत्या, इस्त्री बंदच होती.

पुढच्या सुईनं काही फरक पडला नाही. पावसाळा संपता संपता तिला दिवस आणि रात्र एवढंच कळायला लागलं. टीव्ही पडून राहिला. पण तिच्याजवळ सांगायला होतं. दूधवाला, भाजीवाली, दवाखान्यातली नर्स, कोणी आलं की नातीचं वर्णन. भुवईपासून सुरू करायची. मास्टर साहब जिन्यातून जाता-येता ऐकत आणि बाहेरून म्हणत, "बिल्कुल सही." एकदाही चुकले नाहीत.

थंडीत तिची किडनी गेली, मग ती गेली. सुजाता एकटी चार दिवस येऊन गेली, पोरीचा पासपोर्ट व्हायचा होता. तिरडी फाटकाबाहेर निघाली तेव्हा मास्टर साहब व्हरांड्यात उभे होते, ताठ, आम्ही वळणाआड जाईपर्यंत. पुढच्या थंडीत तेही गेले, झोपेतच. पुतण्यानं घर रिकामं करायला सांगितलं. मी आलमबागला दोन खोल्यांत आलो. इथं भिंतीला पाहिजे तेवढे प्लग आहेत.

या उन्हाळ्यात सुजाता पोरीला घेऊन आली. पोर दोन वर्षांची, घरात नुसता धुमाकूळ. पलंगावरून खिडकीत, खिडकीतून माझ्या पाठीवर. भुवई डावीकडची खरंच तुटकी आहे. मी सुजाताला म्हटलं, तुझ्या आईनं हिला पाहिलं ते झोपलेलीच, बरं झालं, असं नाचताना पाहिलं असतं तर तिला काही सापडलं नसतं.

सुजाता पोरीला चपला घालत होती. थांबली.

"कौन से दिन, बाबा? वो टीवी वाले दिन?"

"हो."

"उस दिन तो ये एक मिनट नहीं सोई थी. कॉल कटी, तब भी चिल्ला-चिल्ला के रो रही थी. मैं भी रो रही थी, कि आई को कुछ दिखा ही नहीं होगा."

मी पोरीची दुसरी चप्पल पलंगाखालून काढली, झटकली आणि सुजाताच्या हातात दिली.

"इथून झोपलेली दिसत होती," मी म्हटलं.